विद्यापीठाचे जाळे आणि दुसऱ्याची मालमत्ता

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

अमेरिकेच्या वायव्य भागात सिॲटल शहरी वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तेथील संगणकशास्त्राच्या संशोधकांनी २००८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एका चमत्कारिक आरोपीची हकीकत आहे. चित्रपट व ध्वनिमुद्रिका यांच्या मालकांतर्फे विद्यापीठाकडे नोटिसा येत असत. ‘तुमच्या जाळ्यावरील अमुक क्रमांकाच्या यंत्रावरून आमची कृती परवानगीवाचून वाटली जात आहे, तरी हा प्रकार ताबडतोब थांबवावा,’ असा त्यांचा आशय असे. अशाच काही नोटिसांत दिलेला क्रमांक होता विभागातील एका प्रिंटरचा! कागदावर अक्षरे उमटविण्यापलीकडे ज्याला काही येत नाही, त्या बिचाऱ्यावर चित्रपटचोरीचा आळ आला होता.

संशोधकांनी हा प्रकार मुद्दाम घडवून आणला होता. मालकांचे हस्तक आरोपी कसे हुडकतात, हे त्यांना पाहावयाचे होते. फायलींची देवघेव करणाऱ्यांच्या यादीत एखादा क्रमांक दिसला की, त्या यंत्रावरून खरोखर काही दिले-घेतले गेले काय, याची खातरजमा न करताच नोटीस धाडली जाते, असे त्यांना आढळून आले. एकही चित्रपट न उतरविता व न वाटता त्यांच्या यंत्रांवर शेकडो तक्रारी आल्या.

ही गोष्ट हसण्यासारखी खरी. परंतु त्या प्रिंटरच्या जागी घरापासून दूर राहणारा अठरा वर्षांचा एखादा विद्यार्थी असता, तर ती हसण्यावारी नेता आली नसती. प्रिंटरला अब्रू नसते, परीक्षा नसते आणि दंडाची रक्कम मागविण्यासाठी घरी पत्रही लिहावे लागत नाही. म्हणूनच विद्यापीठाच्या संगणकजाळ्यावरून कोणी दुसऱ्याच्या स्वामित्वहक्काचा भंग केला, अथवा तसा आरोप झाला, तर विद्यापीठाने काय धोरण ठेवावे, हा प्रश्न वरवर कायद्याचा वाटला तरी मुळात शिक्षणाचा आहे.

प्रथम स्वामित्वहक्क म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. पुस्तक, गीत, चित्रपट किंवा संगणकाची आज्ञावली ज्याने निर्माण केली, त्याला तिच्या प्रती काढण्याचा व वाटण्याचा अधिकार ठराविक मुदतीपर्यंत असतो. यालाच कॉपीराइट म्हणतात. भारतात ग्रंथाच्या बाबतीत ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर अमेरिकेत सामान्यतः ७० वर्षे आहे. हा अधिकार निर्माता दुसऱ्याला विकू शकतो आणि बहुधा विकतोही. त्यामुळे न्यायालयात गायकाऐवजी कंपनी उभी राहिलेली दिसते. परंतु कंपनीचा चेहरा पाहून त्यामागचा गायक, वादक, कवी आणि ध्वनिमुद्रक विसरणे योग्य नव्हे. गाणे हाताला लागत नाही म्हणून ते कोणाच्या श्रमाचे नाही, असे होत नाही.

आता हा तंटा विद्यापीठांच्याच दारी का आला? विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील बहुतेक घरांत इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून मंदगतीने येत असे. विद्यापीठांच्या वसतिगृहांत मात्र संशोधनाच्या निमित्ताने वेगवान जोडण्या पोहोचल्या होत्या. घरी एक गाणे उतरवून घेण्यास जेवढा वेळ लागे, तेवढ्या वेळात वसतिगृहात गाण्यांचा ढीग जमे. १९९९ साली बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील शॉन फॅनिंग या विद्यार्थ्याने ‘नॅप्स्टर’ ही व्यवस्था निर्माण केली. एकाच्या संगणकातील गाणी दुसऱ्याला थेट घेता यावीत, अशी तिची रचना होती. बघता बघता ती वसतिगृहांतून पसरली. पुढच्याच वर्षी, एप्रिल २००० मध्ये, ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाने नॅप्स्टरवर खटला भरला आणि त्याबरोबर येल, इंडियाना व सदर्न कॅलिफोर्निया या तीन विद्यापीठांनाही प्रतिवादी केले. येल आणि इंडियाना यांनी आपल्या जाळ्यावर नॅप्स्टर बंद केले, तेव्हा त्यांची नावे दाव्यातून काढून टाकण्यात आली. नॅप्स्टर स्वतः न्यायालयात हरले व २००१ च्या जुलैत बंद पडले. तथापि विद्यार्थ्याने खोलीत बसून केलेल्या कृत्यासाठी विद्यापीठाला न्यायालयात खेचले जाऊ शकते, हा धडा साऱ्या विद्यापीठांनी घेतला.

याविषयीचा कायदा अमेरिकेत १९९८ सालीच झाला होता. त्याचे नाव ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट’. त्यामागील तत्त्व टपालखात्याच्या उदाहरणाने ध्यानात येईल. पाकिटातील मजकुराबद्दल पोस्टमनला कोणी जबाबदार धरीत नाही. त्याचप्रमाणे जाळे चालविणारी संस्था ग्राहकाची माहिती केवळ इकडून तिकडे पोहोचवीत असेल, तर तिला नुकसानभरपाईच्या भारापासून संरक्षण आहे. बेकायदा प्रत संस्थेच्याच यंत्रावर ठेवलेली असेल, तर मात्र मालकाची रीतसर नोटीस येताच ती तिने सत्वर काढून टाकली पाहिजे. शिवाय वारंवार हक्कभंग करणाऱ्याची जोडणी योग्य त्या परिस्थितीत तोडण्याचे धोरण संस्थेने ठरवावे, ते वापरणाऱ्यांना कळवावे आणि अमलात आणावे, अशी अट आहे.

याच कायद्यात उच्च शिक्षणाच्या संस्थांसाठी एक खास कलम आहे. अध्यापक किंवा अध्यापन-संशोधन करणारा पदवीधर विद्यार्थी यांच्या हातून भंग झाला, तर काही अटींवर तो विद्यापीठाचा मानला जात नाही. त्यांतील एक अट अशी की, विद्यापीठाने आपले जाळे वापरणाऱ्या सर्वांना स्वामित्वहक्काच्या कायद्याची अचूक माहिती देणारे साहित्य पुरविलेले असावे. कायद्याने विद्यापीठाकडे सवलतीच्या बदल्यात शिकविण्याचे काम मागावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

प्रत्यक्षात नोटीस आली म्हणजे काय घडते? नोटिशीत विद्यार्थ्याचे नाव नसते. असतो तो यंत्राचा आयपी क्रमांक, कृतीचे नाव, आणि दिवस व वेळ. त्या घटकेला तो क्रमांक कोणाच्या यंत्राला दिलेला होता, हे विद्यापीठाच्या नोंदींवरून शोधले जाते व त्या व्यक्तीला पत्र जाते. सर्वसाधारण प्रघात असा की, पहिल्या वेळी समज द्यावयाची, फाइल काढून टाकल्याचे लिहून घ्यावयाचे, क्वचित एखादा छोटा पाठ वाचावयास लावून प्रश्न विचारावयाचे. दुसऱ्या वेळी काही काळ जोडणी तोडावयाची. आणि तिसऱ्या वेळी प्रकरण शिस्तपालन अधिकाऱ्याकडे सोपवावयाचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २००७ च्या सप्टेंबरपासून तोडलेली जोडणी पुन्हा मिळविण्यासाठी पहिल्यांदा १००, दुसऱ्यांदा ५०० व तिसऱ्यांदा १,००० डॉलर आकारण्याचा नियम केला. जोडणी तुटणे ही आजच्या विद्यार्थ्याला क्षुल्लक शिक्षा नव्हे. ग्रंथालय, गृहपाठ, अध्यापकाशी पत्रव्यवहार आणि काही वेळा परीक्षासुद्धा त्याच तारेवर असते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली ही की, क्रमांक यंत्राचा असतो, माणसाचा नसतो. एका खोलीत दोघे राहतात, मित्राचा संगणक तिसरा वापरतो, वाय-फायचा संकेतशब्द चौथ्याला ठाऊक असतो. दुसरी गोष्ट अशी की, ‘बिटटॉरेंट’सारख्या पद्धतीत जो फाइल घेतो, त्याच्याच संगणकावरून तिचे तुकडे इतरांना आपोआप जाऊ लागतात. आपण फक्त एक चित्रपट पाहिला, असे विद्यार्थ्याला वाटते. कायद्याच्या दृष्टीने त्याने तो वाटलेला असतो. अज्ञान ही कायद्यात सबब होत नाही हे खरे. परंतु अज्ञान घालविण्यासाठीच जी संस्था स्थापन झाली, तिने ते आधी घालविण्याचा प्रयत्न केला होता की नाही, हा प्रश्न उरतोच.

२००३ च्या एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेने तीन शिक्षणसंस्थांतील चार विद्यार्थ्यांवर खटले भरले. प्रिन्स्टन, रेन्सेलीर आणि मिशिगन टेक्नॉलॉजिकल या त्या संस्था. पुढच्याच महिन्यात चौघांनीही प्रत्येकी १२,००० ते १७,५०० डॉलर देण्याचे कबूल करून तडजोड केली. मिशिगनच्या अध्यक्षांनी संघटनेला पत्र लिहून आपली नापसंती कळविली. नेहमीच्या रीतीप्रमाणे आधी नोटीस दिली असती, तर विद्यापीठाने त्या विद्यार्थ्याची जोडणी तेव्हाच थांबविली असती, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यार्थी निर्दोष आहे असे ते म्हणत नव्हते. आधी सांगा, मग शिक्षा करा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. कोणत्याही शाळामास्तरला ती पटावी.

२००७ च्या फेब्रुवारीत संघटनेने नवी पद्धत काढली. १३ विद्यापीठांकडे एकदम ४०० पत्रे धाडण्यात आली. ती विद्यापीठाने त्या त्या विद्यार्थ्याला पोहोचवावीत आणि विद्यार्थ्याने खटला टाळण्यासाठी आधीच तडजोडीची रक्कम, बहुधा ३,००० डॉलरच्या आसपास, भरून मोकळे व्हावे, अशी ही योजना होती. काही विद्यापीठांनी पत्रे पोहोचती केली. विस्कॉन्सिन विद्यापीठाने, न्यायालयाचा हुकूम असल्यावाचून हे काम करण्याचे नाकारले. ओरेगॉन विद्यापीठाकडे १७ जणांची नावे मागण्यात आली, तेव्हा त्या राज्याच्या महाधिवक्त्यांनी न्यायालयात हरकत घेतली. चौकशी केल्यावाचून १७ पैकी १६ जणांच्या बाबतीत नेमका मनुष्य कोण, हे विद्यापीठ सांगू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. वसतिगृहातील खोलीत दोन खाटा असतात, ही साधी गोष्ट न्यायालयापुढे मांडण्यास राज्याचा सर्वोच्च विधिज्ञ लागला!

उलट बाजूची जरबही लहान नव्हती. अमेरिकन कायद्याप्रमाणे न्यायालय प्रत्येक कृतीमागे ७५० ते ३०,००० डॉलर आणि भंग जाणूनबुजून केला असल्यास १,५०,००० डॉलरपर्यंत भरपाई ठरवू शकते. २००९ साली बोस्टनमधील एका विद्यार्थ्याला ३० गाण्यांसाठी प्रत्येकी २२,५०० प्रमाणे ६,७५,००० डॉलर भरपाई ज्यूरीने सुनावली. न्यायाधीशांनी ती दशांशावर आणली. परंतु वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि २०१३ पर्यंत चाललेल्या अपिलांनंतर मूळचीच रक्कम कायम राहिली. त्या विद्यार्थ्याने गाणी घेतल्याचे व वाटल्याचे न्यायालयात कबूल केले होते. त्याचा अपराध होताच. परंतु ३० गाण्यांची ही किंमत ऐकल्यावर खटल्याच्या नुसत्या धाकाने निर्दोष मनुष्यही ३,००० डॉलर देऊन का सुटू पाहील, ते सहज समजते. सुमारे ३५,००० व्यक्तींविरुद्ध कारवाई केल्यानंतर २००८ च्या डिसेंबरमध्ये संघटनेने असे सरसकट खटले थांबविल्याचे जाहीर केले.

याच काळात आकड्यांचाही एक बोधप्रद प्रकार घडला. चित्रपट कंपन्यांच्या संघटनेने २००५ सालच्या पाहणीच्या आधारे असे सांगितले होते की, अमेरिकेतील त्यांच्या नुकसानीपैकी ४४ टक्के नुकसान महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमुळे होते. नवा कायदा व्हावा म्हणून हा आकडा विधिमंडळापुढे वारंवार ठेवण्यात आला. २००८ च्या जानेवारीत संघटनेनेच कबूल केले की, हिशेबात चूक झाली. खरा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास आहे. विद्यापीठांच्या बाजूने लगेच असे दाखविण्यात आले की, बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठाच्या आवारात राहतच नाहीत. ते धरल्यास विद्यापीठांच्या जाळ्यांचा वाटा ३ टक्क्यांवर येतो. एवढी चूक गणिताच्या वहीत झाली असती, तर मास्तरांनी उदाहरण पुन्हा करावयास लावले असते.

कायदा मात्र झालाच. २००८ च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालेल्या उच्च शिक्षणाच्या कायद्याने विद्यापीठांवर तीन बंधने घातली आणि ती पाळणे हे सरकारी विद्यार्थी-अर्थसाह्याशी जोडले. दरवर्षी विद्यार्थ्यांना कायदा, शिक्षा आणि विद्यापीठाचे धोरण यांची माहिती द्यावयाची. हक्कभंगाला आळा घालण्याची लेखी योजना आखून तीत निदान एक तांत्रिक उपाय ठेवावयाचा. आणि शक्य तेथवर गाणी व चित्रपट कायदेशीरपणे मिळण्याचे मार्ग उपलब्ध करावयाचे. १ जुलै २०१० पासून ही बंधने अमलात आली. यांतील तिसरे बंधन सर्वांत शहाणपणाचे होय. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने तर त्यापूर्वीच, २००३ साली, नव्या मालकांच्या कायदेशीर ‘नॅप्स्टर’शी करार करून विद्यार्थ्यांना संगीत मिळवून दिले होते. ज्या विहिरीवर पाणी भरू नये असे वाटते, तिच्यावर नुसता पहारा बसवून भागत नाही. शेजारी दुसरी विहीर खणावी लागते.

या साऱ्या अनुभवातून चांगल्या धोरणाची लक्षणे स्पष्ट होतात. पहिले लक्षण, ते आधी शिकविते. प्रवेशाच्या दिवशी पंचवीस पानी करारावर सही घेणे म्हणजे शिकविणे नव्हे. संशोधनासाठी उतारा घेणे आणि अख्खा ग्रंथ वाटणे यांतील भेद वर्गात उदाहरणे देऊन समजावून सांगावा लागतो. दुसरे, ते नोटिशीला आरोप मानते, निकाल मानीत नाही. विद्यापीठाच्या यंत्रावरून काढलेल्या कृतीबाबत, ती चुकीने काढली गेली असे वापरणाऱ्याने शपथेवर कळविल्यास आणि मालकाने दावा न लावल्यास, ती १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत परत ठेवण्याची तरतूद कायद्यातच आहे. मग वसतिगृहातील विद्यार्थ्याला ‘तुझे म्हणणे काय?’ एवढे तरी विचारण्यास हरकत कोणती? तिसरे, ते विद्यार्थ्याची गाणी, पत्रे व वाचन यांवर दिवसरात्र नजर ठेवीत नाही, आणि न्यायालयाच्या हुकमावाचून त्याचे नाव कोणाच्या हाती देत नाही. चौथे, गुन्हा शाबीत झाल्यावर ते कच खात नाही. सर्व समज देऊनही जो दुसऱ्याची कृती वाटतच राहतो, त्याला विद्यापीठाच्या आडोशाला राहू देणे हा त्या कृतीच्या कर्त्यावर अन्याय होय. विद्यापीठातही लेखक, संशोधक आणि संगीतकार घडत असतात; उद्या त्यांचीच कृती कोणी अशी वाटील.

भारतीय श्रोत्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील मराठी घरांतून कितीतरी मुले-मुली उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत जातात आणि पहिल्याच आठवड्यात जाळ्याच्या वापराच्या नियमांना मान्यता देतात. त्यांना परकी नोटीस वाचण्याची सवय नसते आणि भीती मात्र दुप्पट असते. नोटीस आली तर ती दडवून ठेवू नये, घाईने पैसे भरू नयेत आणि खोटेही सांगू नये. विद्यापीठाच्या विद्यार्थी-साहाय्य कार्यालयात जाऊन विचारावे, हे त्यांना निघण्यापूर्वी घरीच सांगितलेले बरे.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही २०१२ साली याविषयीची दुरुस्ती झाली. दुवे किंवा प्रवेश पुरविण्यासाठी जाळे चालविणाऱ्याकडे साठलेल्या तात्पुरत्या प्रतीबद्दल मालकाने लेखी तक्रार केली, तर तिच्याकडे जाण्याची वाट २१ दिवस बंद करावयाची. तेवढ्या मुदतीत न्यायालयाचा हुकूम आला नाही, तर ती पुन्हा खुली करता येते. म्हणजे नुसत्या तक्रारीला कायमच्या निकालाचे बळ नाही. शिक्षणाच्या गरजेकडेही या कायद्याची दृष्टी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर व विद्यापीठावर तीन मोठ्या प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दावा लावला होता. शिक्षणाच्या ओघात, अध्यापनासाठी लागणाऱ्या उताऱ्यांच्या प्रती काढण्यास कायद्यात मुभा आहे, असा कौल दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली दिला आणि पुढील वर्षी प्रकाशकांनी दावा सोडून दिला. या मुभेचा अर्थ अख्खी पुस्तके इंटरनेटवर उधळावीत, असा मात्र कोणी करू नये.

दुसरी विहीर खणण्याचा प्रयत्नही भारतात झाला आहे. केंद्र सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना व अध्यापकांना वाचता यावीत, म्हणून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद तीत आहे. जो लेख वाचण्यासाठी लहान गावच्या महाविद्यालयातील संशोधकाला आडवाट धरावी लागे, तो सरळ दाराने मिळू लागला, तर कायदा मोडण्याचे एक कारण आपोआप नाहीसे होईल. परंतु ज्या महाविद्यालयांत ही सोय आली आहे, तेथील किती विद्यार्थ्यांना ती सांगितली गेली आहे, हे प्रत्येक प्राचार्याने एकदा विचारून पाहावे.

सिॲटलच्या त्या प्रिंटरला आपली बाजू मांडता आली नाही. त्याच्यासाठी संशोधकांना निबंध लिहावा लागला. विद्यार्थ्याला बोलता येते. नोटीस हाती पडल्यावर विद्यापीठाने त्याला समोर बसवून त्याचे ऐकून घ्यावे, चुकला असेल तर ज्याची कृती त्याने घेतली त्याचेही श्रम त्याला दाखवून द्यावेत, आणि मग काय तो निर्णय करावा. जाळे सांभाळणे हे यंत्रखात्याचे काम आहे. त्या जाळ्यावर वावरणाऱ्या मुलाला सांभाळणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणत्याही खात्याकडे सोपविता येत नाही.